नोकरीच्या मध्यावरचा वर्ग

पस्तिशी ओलांडलेली, बारा-पंधरा वर्षे नोकरी झालेली माणसे अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात : ‘एक्झिक्युटिव्ह एमबीए करावं का?’ विचारणाऱ्यांत चाकणच्या कारखान्यातले उत्पादन व्यवस्थापक असतात, बँकेतले शाखाधिकारी असतात, हिंजवडीत टीम सांभाळणाऱ्या बाई असतात, स्वतःचे रुग्णालय चालवणारे डॉक्टरही असतात. फी लाखांच्या घरात, वर्ग शनिवार-रविवारी, घरात शाळेत जाणारी मुले आणि डोक्यावर घराचा हप्ता. या एका प्रश्नाच्या पोटात खरे तर दोन प्रश्न असतात. याने माझी बढती होईल का? आणि, मी आहे तिथेच थिजत तर चाललो नाही ना? पहिल्याचे उत्तर माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेले असते. दुसऱ्याकडे सहसा कुणी वळत नाही. माझ्या मते तोच प्रश्न मोठा आहे, म्हणून हा आढावा.

नोकरीत मुरलेल्या माणसाला पुन्हा बाकावर बसवण्याची ही पद्धत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आकाराला आली. शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये पहिला एक्झिक्युटिव्ह एमबीए सुरू केला. त्याच सुमारास हार्वर्डने नागरी व्यवसायातल्या प्रौढ माणसांना युद्धोत्पादनाच्या कामासाठी तयार करणारा एक अभ्यासक्रम चालवला आणि त्यातूनच १९४५ मध्ये त्यांचा अ‍ॅडव्हान्स्ड मॅनेजमेंट प्रोग्रॅम उभा राहिला. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी हेन्ली येथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज स्थापन झाले. तिथली पद्धत मला आजही मोलाची वाटते. सरकारी अधिकारी, खासगी कंपन्यांतले व्यवस्थापक आणि सार्वजनिक उद्योगांतली माणसे यांचे छोटे गट करायचे आणि प्रत्येक गटाने प्रश्नाची उकल आपापसात करायची. व्याख्यानाला तिथे दुय्यम जागा होती. एकमेकांच्या अनुभवावर विचार करणे हाच मुख्य अभ्यास होता.

भारताने हे रोप लवकर उचलले. हेन्लीच्या धर्तीवर हैदराबादला १९५६ मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया निघाले. १९६१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे आयआयएम उभ्या राहिल्या, पहिलीला एमआयटीचा हात, दुसरीला हार्वर्डचा. अहमदाबादमागे विक्रम साराभाई होते आणि तिथल्या पहिल्या प्राध्यापक होत्या कमला चौधरी, मानसशास्त्राच्या अभ्यासक. देशात कारखाने, धरणे, बँका यांचा पसारा वाढत होता. ते चालवायला माणसे हवी होती आणि नवे पदवीधर तयार होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. जे आधीच खुर्चीत बसले होते त्यांनाच शिकवणे भाग होते.

महाराष्ट्रात तर दहा वर्षांत अशा संस्थांची रांग लागली. पवईच्या विहार तलावाकाठी १९६३ मध्ये नीटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था आली, तीच २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट उभारली. पुण्यात मंगलदास रस्त्यावर १९६६ मध्ये टाटा मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर सुरू झाले. बँक अधिकाऱ्यांसाठी १९६९ मध्ये राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था निघाली. सहकारी साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था चालवणाऱ्यांसाठी पुण्यातच वैकुंठभाई मेहतांच्या नावाची संस्था आहे. तिची आठवण मी मुद्दाम काढतो, कारण व्यवस्थापन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येतात. हजारो सभासदांचा ऊस वेळेत गाळपाला आणणारा कार्यकारी संचालक येत नाही.

पण या मातीतली मुळे त्याहून जुनी आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. पुढे मुंबईच्या गिरणगावात ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ नंतर कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. दिवसा काम आणि रात्री पाटी हे दृश्य आपल्याला परके कधीच नव्हते. मुंबईतले तीन वर्षांचे संध्याकाळचे पार्टटाइम मास्टर्स त्याच परंपरेतले आहेत असे मी मानतो. कचेरी सुटली की धावत लोकल पकडायची, वडापाव खाऊन वर्गात शिरायचे, रात्री दहाला घरी पोचायचे, आणि असे तीन वर्षे. मुंबईच्या कित्येक कंपन्यांची मधली फळी या वर्गांनी घडवली. त्या अभ्यासक्रमांचे नाव वर्तमानपत्रांत फार गाजले नाही, पण कारकुनाचा व्यवस्थापक आणि विक्री प्रतिनिधीचा प्रादेशिक प्रमुख होण्याची वाट अनेक घरांत तिथूनच गेली.

असा वर्ग मी स्वतः आतून पाहिला आहे. पहिल्या सत्रात एका औषध कंपनीची केस होती, माल पडून राहतो आणि दुकानदार ओरडतात अशी. मी हिशोबाचा माणूस, ताळेबंद पाहून उत्तर तयार ठेवले. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी पंधरा वर्षे औषधांच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. ते म्हणाले, ‘साहेब, हा आकडा बरोबर आहे, पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टार्गेटसाठी माल दुकानदाराच्या गळ्यात मारतात, ते यात कुठेय?’ वर्ग गप्प झाला. मी तो ताळेबंद दहा वर्षे वाचत होतो, त्यामागचा तो शेवटचा आठवडा मला कधी दिसला नव्हता. त्या तीन वर्षांत मी जे काही शिकलो त्यातले अर्धे तरी अशा शेजाऱ्यांकडून आले.

त्याच्या अगदी उलट अनुभवही पदरी आहे. पुढे कंपनीने मला एका थंड हवेच्या ठिकाणी पाच दिवसांच्या नेतृत्वविकास शिबिराला पाठवले. जेवण उत्तम, वक्ते नामवंत, हातात जाडजूड फाइल. सोमवारी कामावर आलो तेव्हा टेबलावर तेच तुंबलेले कागद होते, वरिष्ठ तेच होते आणि शिबिरात काय शिकलास हे कुणी विचारले नाही. ती फाइल मी पुन्हा उघडली नाही. यात दोष शिकवणाऱ्यांचा जितका, तितकाच पाठवणाऱ्यांचा होता, आणि प्रश्न बरोबर न घेता गेलो हा माझाही.

संशोधकांनी हे कधीच हेरले आहे. बाल्डविन आणि फोर्ड यांनी १९८८ मध्ये प्रशिक्षणावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. वर्गातले शिक्षण कामावर उतरते की नाही हे तीन गोष्टींवर ठरते अशी मांडणी त्यांनी केली : शिकणाऱ्याची तयारी, अभ्यासक्रमाची रचना आणि परत गेल्यावरचे कामाचे वातावरण. पैसा आणि लक्ष बहुतेक मधल्या गोष्टीवर खर्च होते. तिसरीकडे कुणी बघत नाही. हार्वर्डचे मायकेल बिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हेच आणखी कडक शब्दांत मांडले. कंपनीची रचना, अधिकारांची वाटणी आणि वरिष्ठांचे वागणे जुनेच राहिले तर प्रशिक्षण घेऊन आलेला माणूस काही आठवड्यांत जुन्या सवयींवर येतो. म्हणून आधी व्यवस्था बदला, मग माणसांना वर्गात पाठवा, असा त्यांचा आग्रह आहे.

मनुष्यबळ विभागांत ‘सत्तर-वीस-दहा’ हा मंत्र फार चालतो. माणूस सत्तर टक्के कामातून, वीस टक्के इतरांकडून आणि दहा टक्के वर्गात शिकतो, असा त्याचा अर्थ सांगतात. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपमधल्या संशोधनातून तो निघाला. पण ते आकडे यशस्वी अधिकाऱ्यांनी मागे वळून सांगितलेल्या आठवणींवर उभे आहेत. मोजपट्टी लावून काढलेले नाहीत. प्रशिक्षणाचे बजेट कापायला त्यांचा आधार घेणे चुकीचे आहे. त्यातला गाभा मात्र खरा आहे. अनुभवाशी जोडल्याशिवाय वर्ग फळत नाही.

हा गाभा सर्वांत प्रामाणिकपणे पकडला तो रेग रेव्हन्स यांनी. केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र शिकलेले हे गृहस्थ युद्धानंतर इंग्लंडच्या कोळसा खाणींत काम करत होते. खाण व्यवस्थापकांना तज्ज्ञांची व्याख्याने ऐकवण्याऐवजी त्यांनी त्यांना एकमेकांच्या खाणींत पाठवले, एकमेकांच्या अडचणींवर प्रश्न विचारायला लावले. शिक्षणात पुस्तकी ज्ञान हवेच, पण ज्याचे उत्तर कुणाकडेच नाही तिथे नेमका प्रश्न विचारता येणे त्याहून महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. कॅनडाचे हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ मध्ये ‘मॅनेजर्स, नॉट एमबीएज’ या पुस्तकात एमबीएवर झोड उठवली. व्यवस्थापनाचा अनुभवच नसलेल्या तरुणांना व्यवस्थापन शिकवता येत नाही, ते करत असलेल्यालाच शिकवता येते, असे ते म्हणतात. टीका करून ते थांबले नाहीत. १९९६ पासूनच ते काही देशांतल्या संस्थांना घेऊन काम करणाऱ्या व्यवस्थापकांसाठी वेगळा अभ्यासक्रम चालवत होते, आणि आपली आयआयएम बंगळूर त्यात भागीदार होती.

आता बढतीचा प्रश्न. एक्झिक्युटिव्ह एमबीए केलेल्यांचे पगार वाढतात हे खरे आहे. पण त्या वाढीचे सगळे श्रेय अभ्यासक्रमाला देता येत नाही. कंपनी ज्याला नॉमिनेट करते तो आधीच साहेबांच्या नजरेत भरलेला असतो. जो स्वतःच्या पैशाने, रविवार मोडून शिकायला जातो, त्याच्यात पुढे जाण्याची ओढ आधीच असते. तो वर्गात गेला नसता तर कुठे पोचला असता, हे संस्थेच्या पत्रकात लिहिलेले नसते. शिवाय जे खुशीत असतात ते आपला पगार कळवतात, इतर गप्प राहतात. म्हणून अशी टक्केवारी पाहून कर्ज काढू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र काही बदल नक्की होतात, आणि मी ते अनेकांत पाहिले आहेत. एकाच खात्यात मुरलेला माणूस इतर खात्यांची भाषा शिकतो. उत्पादनवाल्याला रोख रकमेचा ओघ कळतो, वित्तवाल्याला ग्राहक कळतो. उद्योग बदलायचा असेल तर ओळखी होतात आणि त्या पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. आणखी एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. वर्गात शिरताना पद बाहेर राहते. कचेरीत ज्याचे उत्तर कुणी खोडत नाही, तो जनरल मॅनेजर इथे चुकतो आणि बत्तीस वर्षांची सहाध्यायी त्याला ते शांतपणे दाखवून देते. पन्नाशीच्या माणसाला आपण अजून चुकू शकतो आणि अजून सुधारू शकतो हे कळणे, हे बढतीइतकेच मोलाचे आहे. घरी मुलांशी त्याचे बोलणे बदलते, हाताखालच्या माणसाचे ऐकण्याची सवय लागते. यांचा आकडा काढता येत नाही, म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही.

या संदर्भात मला वारंवार रवी मथाई आठवतात. १९६५ मध्ये ते अहमदाबाद आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले आणि १९७२ मध्ये ते पद स्वतःहून सोडून त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. संचालकाने खुर्चीला चिकटू नये हा पायंडा त्यांनी पाडला. मग १९७५ मध्ये राजस्थानातल्या, तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा भागात गेले. तिथल्या विणकरांबरोबर आणि चामड्याचे काम करणाऱ्यांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. या कारागिरांनी आपले काम स्वतः सांभाळावे, बाजार स्वतः समजून घ्यावा आणि कुणाच्या आश्रयावर राहू नये, यासाठी तो सारा खटाटोप होता. देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित व्यवस्थापन संस्थेचा माजी संचालक कारागिरांकडून शिकायला जातो आणि त्यांना शिकवतो, याहून मोठे आजन्म शिक्षणाचे उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या राज्यात याच्या तोडीचे काम साताऱ्याच्या माण तालुक्यात झाले. म्हसवड हे दुष्काळी गाव. तिथल्या बायकांना बचत करायची होती, पण बँका त्यांचे लहान खाते उघडायला राजी नव्हत्या. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी त्या बायकांची सहकारी बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग गावात साक्षरतेचे वर्ग भरले. काही महिन्यांनी त्या बायका पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला विचारा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्र न घेता तोच हिशोब करू द्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. २००६ मध्ये तिच्या जोडीला ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगाची शाळा आली, पुढे बसमधून गावोगाव फिरणारे वर्गही आले. त्यांच्या वर्षभराच्या एका अभ्यासक्रमाचे नावच ‘देशी एमबीए’ आहे. शेळ्या पाळणारी, कपडे शिवणारी, गावात दुकान चालवणारी बाई तिथे नफा-तोटा, किंमत कशी लावायची, उधारी कशी वसूल करायची हे शिकते आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानात वापरते. बाल्डविन आणि फोर्ड यांनी शोधलेल्या तिन्ही अटी इथे पुऱ्या होतात. तयारी तिची आहे, अभ्यासक्रम तिच्या धंद्याचा आहे, आणि परत जायची जागा तिच्या मालकीची आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डने २०१० मध्ये केस लिहिली आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, वाटावाच. पण डबेवाल्याच्या मुकादमाला, कारखान्यातल्या सुपरवायझरला, रुग्णालयातल्या मेट्रनला नोकरीच्या मध्यावर शिकायची संधी किती मिळते? व्यवस्थापन तेही करतात, माणसे तेही सांभाळतात. मला सर्वांत टोचते ती गोष्ट हीच आहे. आपल्याकडे हे शिक्षण ज्याला आधीच सर्वांत जास्त मिळाले आहे त्यालाच पुन्हा मिळते. इंजिनीअरिंग चांगल्या कॉलेजातून, नोकरी मोठ्या कंपनीत, मग कंपनीच्याच खर्चाने एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रम. ज्याला तेराव्या वर्षी शाळा सुटून मशिनवर उभे राहावे लागले, त्याच्यासाठी कंपनीत सुरक्षेचे पोस्टर असते आणि वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचे व्याख्यान. बायकांचेही तसेच. मुलांसाठी पाच-सात वर्षे नोकरी सोडलेल्या, शिकलेल्या स्त्रियांना परत घेणारा सेकंड करिअरचा कार्यक्रम टाटा समूहाने २००८ मध्ये सुरू केला. तो चांगला आहे, पण अशा वाटा अजून फार थोड्या आहेत.

जगात काही देशांनी हा भार एकट्या माणसावर टाकलेला नाही. युनेस्कोने एडगर फोर समितीच्या १९७२ च्या अहवालात शिक्षण हा आयुष्यभराचा हक्क मानला. फ्रान्सने १९७१ मध्येच कायदा करून कंपन्यांना कामगारांच्या शिक्षणासाठी खर्च करायला लावले. सिंगापूरने २०१५ मध्ये स्किल्सफ्यूचर आणले आणि पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाच्या नावे ५०० सिंगापुरी डॉलर शिक्षणासाठी जमा केले. २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी ४,००० डॉलर दिले. चाळिशीनंतरच माणसाला कौशल्य जुने होण्याची धास्ती असते आणि त्याच वेळी त्याच्यामागे खर्चही सर्वांत जास्त असतो, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे पाया आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्या माणसाला पदवीपर्यंत नेत आहे. २०१७ पासून ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावर फुकट अभ्यासक्रम आहेत, २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांक साठवण्याची बँकही आली. त्याच वेळी ऑनलाइन प्रमाणपत्रांचा बाजार फोफावला आहे. नाव मोठ्या संस्थेचे, विक्री एखाद्या खासगी कंपनीची, आणि दिवसातून तीनदा फोन. त्यातले काही अभ्यासक्रम चांगले आहेत. पण शेकडो जणांच्या वर्गात कॅमेरा बंद करून बसलात तर शेजाऱ्याकडून शिकायचे राहून जाते, आणि या शिक्षणाचा जीव तर तिथेच आहे. परदेशी विद्यापीठांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, इथे मान्यता नसलेल्या पदव्यांबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये सावध केले आहे. फी भरण्याआधी ते तपासावे.

तुम्ही स्वतः अशा वर्गाचा विचार करत असाल तर माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या कामातला, सहा महिने सुटत नसलेला एक प्रश्न कागदावर लिहा. तो अभ्यासक्रम केलेल्या दोघांना गाठा आणि पगार न विचारता, परत गेल्यावर तुम्ही काय वेगळे केले ते विचारा. वर्गात तुमच्या धंद्याबाहेरची किती माणसे असतील ते विचारा. आपल्या वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा की परत आल्यावर मला अमुक काम करून बघायचे आहे. ते हो म्हणाले तर जा.

आणि ज्यांच्या टेबलावर दरवर्षी प्रशिक्षणाची यादी सहीसाठी येते, त्या मालकांना आणि मनुष्यबळ प्रमुखांना एक विनंती आहे. यंदाच्या यादीत एक नाव सुपरवायझरचे असू द्या, एक स्टोअर्समधल्या बाईंचे. त्यांना दोन दिवसांचे व्याख्यान नको, मराठीत चालणारा, त्यांच्याच कामाच्या हिशोबांवर उभा असलेला सहा महिन्यांचा वर्ग द्या, आणि तो पाळीच्या वेळेत भरवा.